संदर्भांच्या मोजपट्टीवर वनस्पतिशास्त्र

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात तोशिओ मुराशिगे तंबाखूवर काम करत होते. तंबाखूच्या पानांचा अर्क घातला की काचेच्या नळीतल्या ऊती चौपट-पाचपट जोमाने वाढत. अर्कात एखादं अज्ञात संप्रेरक असावं, अशी अटकळ होती. प्रत्यक्षात ही वाढ मुख्यतः अर्कातल्या साध्या क्षारांमुळे होत असल्याचं निघालं. मग कोणता क्षार किती घालायचा, याचं नवं प्रमाण मुराशिगे आणि त्यांचे मार्गदर्शक फोल्के स्कूग यांनी १९६२मध्ये ‘फिजिओलॉजिया प्लांटारम’ या जर्नलमध्ये छापलं. या मिश्रणाला आज जगभर ‘एमएस माध्यम’ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शोधनिबंधांत त्या निबंधाची गणना होते. जळगावच्या केळीबागांत लागणारी टिश्यू कल्चरची रोपं ज्या पद्धतीने तयार होतात, तिच्या मुळाशी हाच निबंध आहे.

पण सगळ्याच निबंधांचं नशीब असं नसतं. वनस्पतींवर दरवर्षी छापल्या जाणाऱ्या हजारो निबंधांतले काही शेकडो वेळा उद्धृत होतात, तर पुष्कळांकडे कुणी वळूनही पाहत नाही. कोणाला नोकरी मिळेल, कोणाच्या प्रकल्पाला पैसा मिळेल, कोणत्या पिकाचा अभ्यास होईल, हे आता बऱ्याच अंशी या संदर्भसंख्येवर ठरतं. म्हणून ही संख्या कशी तयार होते आणि ती काय सांगते, हे नीट पाहायला हवं.

मोजणी सुरू कशी झाली?

एका निबंधाने दुसऱ्याचा आधार घेतला की तळटीपेत त्याचा उल्लेख होतो. या उल्लेखांची पद्धतशीर सूची करावी, ही कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली. अमेरिकी वकिलांकडे जुना निकाल पुढे कोणत्या खटल्यांत वापरला गेला, हे दाखवणाऱ्या सूच्या एकोणिसाव्या शतकापासून होत्या. गारफिल्ड यांनी तीच पद्धत विज्ञानात आणली आणि १९६४मध्ये फिलाडेल्फियातल्या आपल्या संस्थेतून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. एखादी कल्पना कुठून निघाली आणि कुठे पोहोचली याचा माग काढणं, हा त्यामागचा हेतू होता.

इम्पॅक्ट फॅक्टर याच कामातून निघाला. त्याचा हिशेब सोपा आहे. एखाद्या जर्नलने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना २०२४मध्ये एकूण किती संदर्भ मिळाले, हे मोजायचं आणि त्याला त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचं. कोणती जर्नल सूचीत घ्यावीत, हे ठरवायला आणि ग्रंथपालांना निवड करायला हा आकडा उपयोगी होता. तो जर्नलची सरासरी दाखवतो, एका निबंधाची किंवा एका माणसाची गुणवत्ता नव्हे. पुढे मात्र निवड समित्यांनी तो थेट माणसांना लावला. या वापराविरुद्ध २०१२च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक-प्रकाशकांनी एक जाहीरनामा तयार केला. ‘डोरा’ या नावाने तो ओळखला जातो.

कृती सांगणारे निबंध

सर्वाधिक संदर्भ कोणाला मिळतात? मोठे सिद्धान्त मांडणाऱ्यांना, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात यादीच्या वरच्या टोकाला रोजच्या प्रयोगाची कृती सांगणारे निबंध असतात. ‘नेचर’ने २०१४मध्ये सर्व विज्ञानशाखांतल्या पहिल्या शंभर निबंधांची यादी केली, तेव्हा प्रथिनं मोजण्याची रीत सांगणारा लौरी आणि सहकाऱ्यांचा १९५१चा निबंध तीन लाखांहून अधिक संदर्भांसह अव्वल ठरला.

वनस्पतिशास्त्रातलं असंच एक नाव डॅनियल अरनॉन यांचं. ‘प्लांट फिजिऑलॉजी’त १९४९मध्ये आलेला त्यांचा निबंध बीटच्या हरितलवकांतल्या तांबेयुक्त विकरांविषयी होता. त्यात पानातलं हरितद्रव्य मोजण्याची समीकरणं दिली होती. पुढच्या पिढ्यांनी निबंध उद्धृत केला, तो या समीकरणांसाठी. दुष्काळाचा ज्वारीवर होणारा परिणाम असो की धुराचा रस्त्याकडेच्या वडावर होणारा, हरितद्रव्य मोजलं की अरनॉन आलेच. रॉबर्ट पोरा आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये दाखवून दिलं, की त्या समीकरणांतले गुणक अचूक नाहीत आणि त्यामुळे हरितद्रव्याच्या ‘अ’ व ‘ब’ प्रकारांचं गुणोत्तर चुकतं. सुधारित समीकरणं उपलब्ध झाली, तरी जुन्या निबंधाचे संदर्भ थांबले नाहीत. एकाच्या यादीतून दुसऱ्याच्या यादीत संदर्भ उतरत जातात आणि मूळ निबंध न उघडताही त्याची संख्या वाढत राहते. संदर्भसंख्या वापर दाखवते. ती अचूकतेची हमी देत नाही.

दुसरं उदाहरण जेफ आणि जेन डॉइल यांचं. ताज्या पानाच्या लहानशा तुकड्यातून डीएनए वेगळा करण्याची त्यांची कृती १९८७मध्ये ‘फायटोकेमिकल बुलेटिन’ या छोटेखानी पत्रिकेत पाच पानांत छापली गेली. पत्रिका साधी होती, पण कृती इतकी कामाची निघाली की वनस्पतींच्या डीएनएवर काम करणाऱ्या जगभरातल्या प्रयोगशाळांनी ती उचलली. जर्नलच्या वजनावरून निबंधाचं वजन ठरवणाऱ्याला हे रत्न दिसलंच नसतं.

दोन वर्षांची खिडकी आणि पिकाचा हंगाम

ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरचे प्रयोग १८६५मध्ये ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले आणि १८६६मध्ये छापले. त्यांनी ४० प्रती वेगळ्या मागवून काही विद्वानांना पाठवल्या. पुढची ३४ वर्षं या कामाचे उल्लेख अगदी मोजके झाले. १९००मध्ये ह्यूगो द व्रीज, कार्ल कोरेन्स आणि एरिक फॉन चेर्माक यांच्या कामातून ते पुन्हा पुढे आलं आणि आनुवंशशास्त्राचा पाया ठरलं. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या रंगीत दाण्यांवरून जागा बदलणारी जनुकं ओळखली आणि १९५०मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यांना नोबेल मिळालं १९८३मध्ये. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहिलं असतं, तर हे दोघंही नापास झाले असते.

याला केवळ दुर्लक्ष कारणीभूत नाही. या शास्त्राचा वेगच वेगळा आहे. पेशींवरचा प्रयोग आठवड्यात उरकतो. तुरीचं पीक वर्षातून एकदाच येतं, आंब्याच्या कलमाला फळ धरायला काही वर्षं जातात आणि जंगलातली झाडं कशी वाढतात हे कळायला दशकं लागतात. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथला गव्हाचा ब्रॉडबाक प्रयोग १८४३पासून सुरू आहे. खतांचा जमिनीवर दीर्घकाळात काय परिणाम होतो, हे जगाला त्यातून कळलं. शेतात काम करणाऱ्याचा निबंध उशिरा लिहिला जातो, उशिरा वापरला जातो आणि दोन वर्षांच्या हिशेबात मार खातो.

कोणती झाडं अभ्यासली जातात?

गेल्या चार दशकांत वनस्पतिशास्त्रावर एका रोपट्याने राज्य केलं. मोहरीच्या कुळातलं अ‍ॅराबिडॉप्सिस हे तण सहा आठवड्यांत आयुष्य पुरं करतं, खोलीत कुंडीत वाढतं आणि हजारो बिया देतं. त्याचा जीनोमही छोटा आहे. डिसेंबर २०००मध्ये त्याचा जीनोम ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतीचा संपूर्ण वाचला गेलेला तो पहिला जीनोम, २५,४९८ जनुकांचा. त्याआधी १९९८मध्ये स्टीव्हन क्लॉफ आणि अँड्र्यू बेंट यांनी या रोपाचा फुलोरा जिवाणूंच्या द्रावणात बुडवून जनुक घालण्याची सोपी रीत दिली होती. हत्यारं, बियाण्यांचे साठे आणि माहितीकोश सगळे एकाच रोपाभोवती जमल्यामुळे तिथला निबंध पटकन वापरला जाऊ लागला. मोठ्या वर्तुळात लिहिणाऱ्याला मोठी संदर्भसंख्या मिळते, कारण उद्धृत करणारेच जास्त असतात.

इटलीतल्या संशोधकांनी २०२१मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये एक डोळे उघडणारा अभ्यास मांडला. नैर्ऋत्य आल्प्समधल्या ११३ वनस्पती आणि त्यांच्यावरचे १९७५ ते २०२० या काळातले २८० निबंध त्यांनी तपासले. ठळक रंगांच्या, विशेषतः निळ्या फुलांच्या, उंच आणि दूरवर पसरलेल्या वनस्पतींवर अधिक निबंध निघाले. वनस्पती दुर्मीळ आहे, धोक्यात आहे, याचा निवडीवर फारसा प्रभाव दिसला नाही. ज्या झाडाला अभ्यासाची निकड आहे, ते मागेच राहतं.

भारतातलं उदाहरण तुरीचं. ‘आशा’ या वाणाच्या जीनोमचे दोन मसुदे २०११च्या अखेरीस जवळजवळ एकाच वेळी पुढे आले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय गटाचा निबंध ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आला, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांचा निबंध भारतातून निघणाऱ्या वनस्पती-जीवरसायन व जैवतंत्रज्ञानाच्या जर्नलमध्ये. पहिल्याला मिळालेले संदर्भ दुसऱ्याच्या कित्येक पट आहेत. दोन्हींच्या पद्धतीत फरक होता, हे खरं. पण छापण्याचं ठिकाणही वाचकवर्ग ठरवतं, हेही तितकंच खरं.

संदर्भसंख्या आणि शेत एकत्र आल्याची उदाहरणंही आहेत, आणि ती आशा वाढवणारी आहेत. ओडिशातल्या एका पारंपरिक भातात पुराखाली तग धरण्याचा गुण होता. त्यामागचं सब१ए हे जनुक २००६मध्ये ‘नेचर’मधून जगापुढे आलं आणि २००९मध्ये ‘स्वर्णा-सब१’ हा वाण भारतात शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला. दोन आठवड्यांच्या आसपास पाण्याखाली राहूनही तो पुन्हा उभा राहतो.

या शोधातल्या एक प्रमुख संशोधक पामेला रोनाल्ड. त्यांच्याच प्रयोगशाळेचे भाताच्या रोगप्रतिकाराविषयीचे दोन गाजलेले निबंध पुढे चुकीचे निघाले. नव्या सहकाऱ्यांना प्रयोग जुळेनात, जिवाणूंच्या नमुन्यांत अदलाबदल झाल्याचं आढळलं. रोनाल्ड यांनी ते स्वतः जाहीर केलं आणि २०१३मध्ये दोन्ही निबंध मागे घेतले. संदर्भ गोळा करणाऱ्या निबंधावर पाणी सोडायला धैर्य लागतं. विज्ञानावरचा विश्वास अशाच वागण्याने टिकतो.

भारतातला दबाव

गेल्या दोन दशकांत संशोधनाचा नकाशा बदलला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या मोजणीनुसार २०१६मध्ये चीनने सर्व शाखांतल्या निबंधसंख्येत अमेरिकेला मागे टाकलं. ‘मॉलिक्युलर प्लांट’सारखी चीनमधून चालणारी जर्नल आज या क्षेत्रात अग्रभागी आहेत. त्याच चीनने २०२०मध्ये निबंधासाठी रोख बक्षीस देण्यावर आणि केवळ संदर्भसूचीवरून माणसं तोलण्यावर बंधनं आणली. दुसरीकडे, वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेणारी खुली जर्नल वाढली. ‘फ्रंटियर्स इन प्लांट सायन्स’ २०१०मध्ये सुरू झालं आणि मोठ्या संख्येने निबंध छापू लागलं. वाचन सर्वांना खुलं झालं, हा फायदा मोठा आहे. छापण्याचं शुल्क परवडत नसलेल्या विद्यापीठांची मात्र कोंडी झाली.

भारतात बढतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली आणि बनावट जर्नलांचं पेव फुटलं. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली आणि मान्यवर सूच्यांत नसलेली १,००९ जर्नल त्यांनी तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. कुणाचा पत्ता खोटा होता, तर कुणी इम्पॅक्ट फॅक्टरचा खोटा दावा केला होता. त्यानंतर मान्य जर्नलांची नवी ‘केअर’ यादी तयार झाली, तिचं काम पुण्यातूनच चाललं आणि २०२५च्या फेब्रुवारीत आयोगाने ती बंद केली. आता जर्नल पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आहे. २०२५पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेने सुमारे १३,००० जर्नल सरकारी संस्थांना खुली केली आहेत. त्यामुळे निदान वाचायला मिळत नाही, ही जुनी अडचण कमी झाली आहे.

जे मोजलं जात नाही

महाराष्ट्रातल्या वनस्पतिशास्त्राचं मोठं काम या मोजपट्टीत बसतच नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. सह्याद्रीत झाड ओळखायचं तर तो आजही उघडावा लागतो. पण त्यातली माहिती वापरणारा प्रत्येक जण त्याचा संदर्भ देतोच असं नाही. नव्या जातीचं वर्णन करणाऱ्याचं नाव त्या जातीच्या शास्त्रीय नावापुढे कायमचं लागतं, तरी त्या नावाचा प्रत्येक उल्लेख संदर्भ म्हणून धरला जात नाही. प्रा. त्र्यं. शं. महाबळे यांच्या स्मरणार्थ जिला ‘सेरोपेजिया महाबळेई’ हे नाव मिळालं, ती कंदिलपुष्पाची दुर्मीळ जात पुणे जिल्ह्यातल्या डोंगरांतली. तिच्यावर काम करणाऱ्याला उद्धृत करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असणार. ती नष्ट झाली, तर मात्र कोणत्याही जर्नलला ती परत आणता येणार नाही.

वाणांचंही तसंच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने वन्य भेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा केवडा रोगाला दाद न देणारा वाण दिला. मालवणचे शं. पु. आघारकर यांनी १९४६मध्ये पुण्यात उभारलेल्या संस्थेतून गहू आणि सोयाबीनचे वाण शेतकऱ्यांपर्यंत गेले. बियाण्याच्या पिशवीवर तळटीप नसते. शेतकरी ते पेरतो, हाच त्या कामाचा संदर्भ.

म्हणून विद्यापीठांच्या निवड समित्यांना आणि निधी देणाऱ्यांना आग्रहाने सांगायला हवं: संदर्भांचा आकडा जरूर बघा, पण अर्जासोबतचे दोन निबंध स्वतः वाचा. जिल्ह्याची वनस्पतिसूची, हर्बेरियममधले नमुने, प्रसारित झालेला वाण, पंधरा वर्षं चालवलेला शेतप्रयोग यांना निबंधाच्या बरोबरीने गुण द्या. निबंध मागे घेऊन चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा करू नका. आणि वनस्पतिशास्त्रात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांनी विषय निवडताना आधी आपल्या तालुक्यातल्या माळावर, देवराईत, वरईच्या शेतात काय अभ्यासायचं राहिलं आहे, ते पाहावं. तिथे काम भरपूर आहे आणि माणसं कमी आहेत.