संडासाची टाकी : घरची की गावची?



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खताच्या मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे. तो वाचून कोणी नाक मुरडू नये, एवढी सुरुवातीलाच विनंती. विषय आहे संडासाच्या टाकीचा, म्हणजे जिला सगळे सेप्टिक टाकी म्हणतात तिचा.

निमित्त असे घडले. आपले एक सभासद उसाच्या नोंदीसाठी शेतकी विभागात आले होते. त्यांच्या मुलाने पुण्याच्या कडेला, नव्याने शहरात आलेल्या एका गावात, दोन गुंठ्यांवरचे घर घेतले. पहिल्याच पावसाळ्यात संडासाचे पाणी उतरेना. मैला उपसणारा टँकर बोलावला, तर टाकीचे झाकण कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नाही. घर विकणाऱ्याने त्यावर फरशी घालून टाकलेली. फरशी फोडली तेव्हा टाकी तोंडापर्यंत तुंबलेली दिसली, आणि तिथून दहा पावलांवर पिण्याच्या पाण्याची बोअर! "नातवंडं वरीसभर तेच पाणी पितायत की हो," एवढे बोलून अण्णा गप्प झाले.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले शिक्षणाला, नोकरीला पुण्यात आहेत. कोणी मांजरीला, कोणी वाघोलीला, कोणी धायरी-नऱ्ह्याला जागा घेतली आहे. म्हणून हा प्रश्न एकट्या अण्णांचा नाही. टाकी घरमालकाची हे खरे. पण ती बिघडली तर त्रास शेजाऱ्याला, विहिरीला आणि खालच्या गावाला होतो. मग तिच्यावर लक्ष कोणी ठेवायचे?

टाकीत घडते तरी काय?

आपल्या कारखान्यात क्लॅरिफायर असतो. चुना दिलेला गढूळ रस त्यात संथ होतो, मड खाली बसते आणि निवळ रस वरून पुढे जातो. सेप्टिक टाकीचे कामही बरेचसे असेच आहे. मैला तळाशी बसतो, तेलकट फेस वर तरंगतो आणि मधले पाणी पुढच्या नळीतून बाहेर पडते. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात, तो कुजवतात आणि त्यातून गॅस निघतो. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पण इथे दोन गैरसमज आहेत. पहिला, टाकी सगळा मैला खाऊन टाकते असा. तसे होत नाही. कुजून उरलेला गाळ दर वर्षी साठतच जातो. क्लॅरिफायरचे मड वेळेवर काढले नाही तर ते रसाबरोबर पुढे जाते. तसाच न उपसलेल्या टाकीतला मैला पाण्याबरोबर बाहेर पडतो. म्हणून टाकी साधारण दोन ते तीन वर्षांनी उपसावी लागते. "आमची टाकी पंधरा वर्षांत एकदाही भरली नाही," असे कोणी मोठ्या कौतुकाने सांगू लागला तर समजावे, की टाकीला खालून भोक आहे किंवा पाणी गुपचूप ओढ्याला जोडलेले आहे.

दुसरा गैरसमज, टाकीतून निघणारे पाणी शुद्ध असते असा. ते नुसते निवळलेले असते. कावीळ, हगवण, पटकी, विषमज्वर यांचे जंतू त्यातून बाहेर येऊ शकतात. म्हणून हे पाणी उघड्यावर न सोडता शोषखड्ड्यात मुरवायचे असते, म्हणजे जमीन ते गाळून घेते. मात्र काळ्या चिकण जमिनीत पाणी नीट मुरत नाही. आपल्या उसाच्या रानातली वस्ती असो की पुण्याच्या पूर्वेकडची काळी जमीन असो, तिथे नुसता खड्डा खणून भागत नाही.

भारतीय मानक २४७० मध्ये याची मापे दिली आहेत. टाकीची रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर आणि पाणी किमान १००० लिटर मावले पाहिजे. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी. पाच माणसांच्या घराला साधारण ५ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि साडेतीन फूट पाण्याची टाकी लागते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर, म्हणजे साठ फूट तरी लांब हवा. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर एवढे अंतर राखणे किती अवघड आहे, हे तुम्हीच मोजून बघा. त्यात शेजाऱ्याची बोअर आपल्या खड्ड्याला लागून असली, की मोजायलाही काही उरत नाही.

पुण्याच्या कडेची गोष्ट

पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली. पुढे शहर वाढत गेले. २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आली. त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची २०२४ मध्ये वेगळी नगर परिषद झाली. कागदावर गाव एका दिवसात शहर होते, गटारवाहिनी मात्र एका दिवसात येत नाही. घरे आधी, रस्ता मग आणि ड्रेनेज सर्वांत शेवटी, असाच क्रम या भागांत दिसतो. तोवर सगळा भार टाक्यांवर आणि पिण्याचे पाणी बोअर, विहीर नाहीतर टँकरवर.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुलेन बारी नावाच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. या आजारात हातापायांतली ताकद जाते. काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते. राज्यात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि नीट न शिजलेल्या अन्नातून पोटात जातो. विहिरींच्या पाण्याचे नमुने घेण्यात आले, क्लोरीन टाकण्यात आले. याचा दोष आम्ही कोणाच्या टाकीवर टाकत नाही. पण पिण्याचे पाणी आणि मैलापाणी यांच्यामधली भिंत पक्की हवी, हा धडा सगळ्यांनीच घ्यावा असा आहे.

लक्ष ठेवायचे कोणी?

महापालिकेच्या हद्दीत कायद्याने हे काम महापालिकेचे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने आयुक्तांना घरातील गटारे व मैलाकुंड तपासण्याचा, दुरुस्तीची नोटीस देण्याचा आणि जवळ गटारवाहिनी असल्यास घर तिला जोडायला लावण्याचा अधिकार दिला आहे. बांधकामाचा नकाशा मंजूर करताना टाकी कागदावर तपासली जाते. गटारवाहिन्यांचे काम मलनिःसारण खाते बघते, तर घाण आणि रोगराईची तक्रार आरोग्य खात्याकडे किंवा क्षेत्रीय कार्यालयात करायची असते. गावात ही जबाबदारी ग्रामपंचायतीवर येते.

अडचण आहे ती यापुढे. नकाशा मंजूर झाला, घर उभे राहिले, की टाकीकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. ती केव्हा उपसली, कोणी उपसली आणि टँकर कुठे रिता केला, या तीन प्रश्नांची उत्तरे कुठल्याच वहीत नसतात. टाकी तुंबली की मालक खासगी टँकर बोलावतो. टँकरवाला जवळच्या ओढ्यात किंवा मोकळ्या रानात तो सोडून देतो. मालक म्हणतो, सुटलो. म्हणजे पैसे देऊन आपली घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली, एवढेच झाले.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच मुलखात झाला आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपालिकेने २०१८ पासून ठरवून टाक्या उपसायला सुरुवात केली. मालकाने फोन करायची वाट न बघता दर तीन वर्षांनी आळीपाळीने प्रत्येक घराची टाकी उपसायची, खर्च स्वच्छता कर व पालिकेच्या पैशांतून भागवायचा आणि गाळ प्रक्रिया केंद्रातच रिता करायचा, असे ते ठरले. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच वाट धरली. ऊसतोडीचा प्रोग्रॅम जसा लागणीच्या तारखेवरून लागतो तसाच हा टाक्यांचा प्रोग्रॅम. तोडीला नंबर लागतो हे आपल्याला पटते, मग उपशाचा नंबर का पटू नये?

परदेशातले एक उदाहरणही सांगण्याजोगे आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात दर गावाला स्वतःचे आरोग्य मंडळ असते आणि घरांच्या सेप्टिक टाक्यांवर त्याची देखरेख असते. १९९५ पासून तिथे घर विकायचे झाले तर टाकी तपासून घ्यावी लागते. टाकी नापास झाली तर दुरुस्ती करणे भाग पडते. अण्णांच्या मुलाला असा एक दाखला आधी पाहायला मिळाला असता तर पुढचा सगळा घोळ टळला असता.

टाकीत माणूस उतरवू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. मार्च २०२२ मध्ये लोणी काळभोरजवळच्या कदमवाकवस्तीत टाकी साफ करताना चौघे दगावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाघोलीत एका सोसायटीच्या टाकीत तिघे गेले. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडजमध्ये गोबरगॅसच्या टाकीत चौघांचा जीव गेला. अशा अपघातांत बहुधा हेच होते, की पहिला माणूस आत पडतो आणि बाकीचे त्याला वाचवायला उतरतात. ही गावे आपल्या ओळखीची आहेत, आणि तिथली माणसे आपल्यासारखीच घरदार असलेली होती.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन असे वायू साठतात आणि प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, पण तो जास्त झाला की नाकाला वास कळेनासा होतो. "वास येत नाही, उतर खाली," हे वाक्य म्हणूनच जीवघेणे आहे. दोन श्वासांत माणूस कोसळतो. आतला कोसळला तर मागोमाग उतरू नका. अग्निशामक दलाला बोलवा. हे दगडाचे काळीज करून सांगावे लागते, कारण आत भाऊ किंवा लेक असला तर कोणाचेही पाय थांबत नाहीत.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हा कायदा घरमालकालाही लागू आहे, "ठेकेदाराने उतरवला" म्हणून हात झटकता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवली आहे. पण गेलेला माणूस भरपाईने घरी येत नाही.

शेवटी पाणी आपल्याकडेच येते

कोणी म्हणेल, पुण्याच्या टाक्यांचे आम्हांला काय? तर ऐका. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनीला जाते. शिवाय मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले साडेसहा टीएमसी पाणी बेबी कालव्याने शेतीला द्यायचे ठरलेले आहे. हवेली-दौंडच्या रानांत ते पाणी उसाला बसते. प्रक्रिया केंद्रापर्यंत पोचलेला मैला साफ होण्याची शक्यता तरी असते. ओढ्यात सोडलेला टँकर मात्र थेट नदीत आणि तिथून आपल्या दंडात येतो. त्या पाण्यात अनवाणी उभे राहून दारे धरणारा माणूस आपल्याच घरचा असतो.

आपल्या हातात काय आहे?

१. आपल्या घराची आणि मुलांच्या घराची टाकी कुठे आहे हे बघून ठेवा. झाकणावर फरशी घालू नका. गॅसची उंच नळी शाबूत आहे का, तेही बघा.

२. घर किंवा प्लॉट घेताना सात-बारा आणि नकाशाबरोबर टाकीही विचारा. शेवटचा उपसा केव्हा झाला, पावती आहे का, बोअर किती फुटांवर आहे? गटारवाहिनी आली असेल तर टाकी तशीच न ठेवता जोडणी रीतसर करून घ्या.

३. दोन-तीन वर्षांनी टाकी यंत्रानेच उपसून घ्या. टँकर कुठे रिता होणार ते विचारा आणि पावतीवर तसे लिहून घ्या.

४. कच्चा मैला रानात घेऊ नका. फुकटचे खत वाटते, पण त्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी असतात. वस्तीवर नवा संडास बांधायचा असेल आणि जमीन पाणी मुरवणारी असेल, तर दोन खड्ड्यांचा संडास चांगला. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा; बंद खड्ड्यातला मैला दीड-दोन वर्षांत कुजून त्याचे निर्धोक खत होते. देहूचे डॉ. मापुसकर हे काम जन्मभर करत राहिले आणि मैल्यावर चालणारा गॅसही त्यांनी लोकांच्या चुलीपर्यंत पोचवला.

५. ग्रामसभेत हा विषय काढा. गावातल्या टाक्यांची एक नोंदवही करा, म्हणजे उपशाचे वेळापत्रक आपोआप पुढे येईल.

अण्णांच्या मुलाने आता बोअर पिण्यासाठी वापरणे बंद केले आहे आणि टाकीचे झाकण उघडे ठेवता येईल असे करून घेतले आहे. गल्लीतल्या अकरा घरांनी मिळून क्षेत्रीय कार्यालयात अर्जही दिला आहे. एकट्याच्या अर्जाला आणि अकरा जणांच्या अर्जाला वजन वेगळे, हे सहकारात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. टाकी घरची असली तरी तिची काळजी गावाने मिळून घ्यायची आहे.