पाण्याखालच्या नौका आणि काठावरचा चिमटा

पन्हाळ्यापासून समुद्र दूर. तेव्हा या गडावर पाणबुड्यांचा विषय कशाला, असे आपल्यापैकी कुणाच्या मनात आले असेल. पण ज्या पाणबुड्यांविषयी मी सांगणार आहे, त्यांना समुद्र मानवतच नाही. त्यांना आपल्या सादोबाच्या तलावासारखे गोडे पाणीच लागते.

या पाणबुड्या म्हणजे हात-दोन हात लांबीच्या, बिनतारी यंत्राने चालणाऱ्या प्रतिकृती. अशा बिनतारी नौकेचा प्रयोग निकोला टेस्ला यांनी 1898 साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर करून दाखविला. पुढे हौशी मंडळींचे मेळावे भरू लागले आणि 1959 साली बाझेल येथे ‘नाविगा’ ही त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली.

माझे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले. त्यामुळे या छंदात मला नौकेइतकेच कौतुक वाटले ते एका चिमट्याचे. जुनी बिनतारी यंत्रे 27, 40 किंवा 75 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि त्या पट्ट्यांत वाटा मोजक्याच. दोघांनी एकच वाट धरली की एकाच्या हुकुमाने दुसऱ्याची नौका भरकटलीच! म्हणून तळ्याकाठी एक फळी मांडतात. तिच्यावर प्रत्येक वाटेच्या आकड्याचा एकेक चिमटा असतो. कपडे वाळत घालताना लावतो तोच. ज्याच्या हाती चिमटा, त्यानेच यंत्र सुरू करावयाचे, आणि खेळ आटोपला की चिमटा परत. हा नियम एकाने मोडला तर दुसऱ्याची दोन-दोन वर्षांची मेहनत तळाशी जाते. आमच्या युनियनमध्ये इतकी शिस्त आणायला किती बैठका लागतात, ते मीच जाणे.

आता नवी 2.4 गिगाहर्ट्झची यंत्रे आली. ती आपली वाट आपणच शोधतात, त्यामुळे पाण्यावरच्या जहाजांना फळीची गरज उरली नाही. पाणबुडीवाल्यांना मात्र ही सोय नाही. इतक्या वेगाने कंप पावणाऱ्या लहरी पाणी वीतभर खोलीतच गिळून टाकते. मायक्रोवेव्ह शेगडीत अन्न तापते, तेही पाण्याच्या याच गुणामुळे. जुन्या, संथ लहरी गोड्या पाण्यात काही हात खोल जातात. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून तेथे त्याही विरून जातात. तेव्हा पाणबुडीवाल्याला जुने यंत्र सुटत नाही आणि चिमटाही सुटत नाही.

आणि पाण्याखाली संबंध तुटलाच तर? पाणबुडी बुडते ती टाकीत पाणी घेऊन. लहर मिळेनाशी झाली की आतली कळ ते पाणी आपोआप बाहेर लोटते आणि नौका वर येते. ही कळ नसलेली नौका खोल पाण्यात सोडणे म्हणजे ती दान करणेच होय.

आपल्याकडे एन. सी. सी.च्या नौदल शाखेने जहाजांच्या प्रतिकृतींचा छंद टिकविला आहे. 2023 चे अखिल भारतीय नौसैनिक शिबिर लोणावळ्यास ‘आय. एन. एस. शिवाजी’ येथे भरले. या शिबिरांत प्रतिकृतींची स्पर्धा असते, आणि मुले आपली जहाजे तान्ह्या पोरासारखी जपत नेतात. विमानाने जाणाऱ्याने लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, कारण पोटातल्या सामानात त्या पेटल्या तर तेथे जाऊन कुणाला विझविता येणार नाहीत. पाणबुडीवाल्याजवळ शिशाच्या तुकड्यांची पिशवीही असते. नव्या तळ्यावर नौकेचा तोल नव्याने साधावा लागतो. तिचा आकार पाहून कुणी ती सहज उचलायला जातो, आणि खांदा धरून खाली बसतो.