उंबरठ्यापलीकडचे घर

घर झाडताना केर आतल्या खोलीतून उंबरठ्याकडे लोटत नेण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. ज्या काळी उंबरठ्यापलीकडे स्वतःचे अंगण आणि परसात स्वतःचा उकिरडा होता, त्या काळी या रीतीत काहीच वावगे नव्हते. त्या केराचे शेणाबरोबर खत होई आणि ते वर्षअखेर शेतात जाई. नगरांतून मात्र उंबरठ्यापलीकडे अंगण उरलेले नाही. तेथे आता जिना आहे, गटार आहे, पाण्याची टाकी आहे, गच्ची आहे. या साऱ्यांवर सर्वांचा सारखाच हक्क आहे. आणि नेमक्या याच कारणाने त्यांची निगा कोणी राखावयाची, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. जी वस्ती या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देते ती नीट राहते. जी देत नाही ती, तेथील प्रत्येक घर आतून आरशासारखे लख्ख असले तरी, हळूहळू खचत जाते.

चाळीतून उत्तुंग इमारतीत

मुंबईच्या वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळी हे या संदर्भात विचार करण्याजोगे उदाहरण आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत या २०७ इमारती उभ्या केल्या. एका कुटुंबास सुमारे १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सर्वांसाठी सामाईक शौचालये, अशी तेथील व्यवस्था होती. गैरसोयी पुष्कळ होत्या, त्यांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि, चाळीतील दारे दिवसभर उघडी असत. सामाईक जागेत कोणी केर टाकला, कोणाचे पाहुणे आले, कोणाचे मूल जिन्यात पडले, हे सर्वांच्या दृष्टीस पडत असे. देखरेखीसाठी समिती नव्हती, पण डोळे होते.

पुनर्विकासानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या सदनिकांचा ताबा मिळाला. येथे दारे बंद असतात, तशी ती असावीत हेही योग्यच. परंतु बंद दाराबाहेर उद्वाहक आहे, उपसापंप आहे, अग्निशमनाची नळव्यवस्था आहे, जनित्र आहे. चाळीत जे काम शेजाऱ्याच्या नजरेने होई, ते येथे नियमाने, पाळीने आणि पैशाने करावे लागते. हा बदल केवळ या चाळींपुरता नाही. बैठ्या घरातून किंवा वाड्यातून सदनिकेत गेलेल्या राज्यातील लक्षावधी कुटुंबांनी तो अनुभवला आहे. मात्र सोबत येणाऱ्या जबाबदारीची समज त्यांना कोणी दिली, असे क्वचितच घडले.

जोशी लेनचा प्रयोग

ही समज रहिवासी स्वतः मिळवू शकतात, हे मुंबईतच दिसून आले आहे. घाटकोपर येथील जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९७ च्या सुमारास आपल्या गल्लीतील कचरा घरातच ओला व सुका असा वेगळा करण्यास आरंभ केला. ओल्या कचऱ्याचे गल्लीतच खत होऊ लागले आणि सुका कचरा वेचणाऱ्यांच्या हाती स्वच्छ स्वरूपात पडू लागला. या धर्तीवर बृहन्मुंबई महानगरपालिकेने ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना आखली आणि शहरात अशा शेकडो समित्या स्थापन झाल्या. पुढे त्यांतील अनेक निष्क्रिय झाल्या, हेही नमूद केले पाहिजे. जेथे दोन-चार उत्साही मंडळींवर सारा भार होता, तेथे ती मंडळी थकताच काम थांबले. जेथे कामाची पाळी लावली गेली, तेथे ते चालू राहण्याची शक्यता अधिक होती.

ओला कचरा वेगळा काढण्याचे महत्त्व त्याच्या वजनात आहे. आपल्याकडील घरगुती कचऱ्यात भाजीची देठे, साली, खरकटे यांचाच वाटा सर्वांत मोठा असतो. तो जागीच जिरला, तर गाडीने वाहून न्यावयाचे ओझे निम्म्याच्या आसपास उतरते. खत करताना दुर्गंधी येते, ही तक्रार बहुतेक सभांमध्ये ऐकू येते. दुर्गंधी येते ती कचऱ्यामुळे नव्हे, तर हवा न मिळाल्यामुळे. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेल्या पानांचा किंवा लाकडाच्या भुशाचा थर द्यावा आणि ढीग अधूनमधून वरखाली करावा, म्हणजे हवेत वाढणारे जिवाणू आपले काम करतात आणि दीड-दोन महिन्यांत मातीच्या वासाचे खत हाती येते. वाळलेली पाने जाळून टाकणारी गृहनिर्माण संस्था खताच्या कामी लागणारी निम्मी सामग्री धुरात घालविते.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगवेगळा देण्याचे बंधन घातले. नियमांमागे माणसे आहेत, याचे स्मरण मात्र कमी वेळा होते. पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ साली स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. या संस्थेच्या सभासदांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. न गुंडाळलेली काच किंवा वापरलेली सुई कचऱ्यात टाकली जाते, तेव्हा ती कोणाच्या तरी बोटात शिरते. काच जाड कागदात गुंडाळून त्यावर ठळक खूण करण्यास अर्धे मिनिट पुरते.

टाकीचे झाकण

मुंबईतील हिवतापाची पाहणी डॉ. चार्ल्स बेंटली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केली, तेव्हा रोगवाहक डास दलदलीत नव्हे, तर घराघरांतील विहिरींच्या स्वच्छ पाण्यात वाढत असल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. १९११ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शतकाहून अधिक काळ लोटला, विहिरींची जागा गच्चीवरील टाक्यांनी घेतली, पण डासाची सवय बदललेली नाही. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डासही साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगितले जाते. त्या दिवशी पिंप, फुलदाणी, कुंडीखालची ताटली, शीतकपाटामागील तबकडी, वातानुकूलन यंत्राखालची बादली ही सारी रिकामी करावीत. नुसते पाणी ओतून चालत नाही. कडा घासाव्या लागतात. कारण ही अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी असतानाही कित्येक महिने जिवंत राहतात. धूरफवारणीने उडणारे डास मरतात, पाण्यातील अळ्या तशाच राहतात. फवारणीची गाडी येऊन गेली की लोकांना हायसे वाटते, त्यामुळे तिची मागणी नेहमीच मोठी असते. टाकीच्या तुटलेल्या झाकणाबद्दल अर्ज करणारा नागरिक विरळा.

भिंतीतील पिंपळ

इमारतीच्या भिंतीतून बाहेर डोकावणारे पिंपळाचे रोप हे आपल्या शहरांतील नित्याचे दृश्य आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेले बी भेगेतील ओलाव्यावर रुजते. रोप वरचेवर छाटल्याने मूळ मरत नाही, उलट जाड होते आणि भेग रुंदावते; रुंद भेगेतून पाणी आत शिरते, आतील लोखंडी सळई गंजते, गंजल्यावर फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. छताचे पोपडे गळू लागतात तोवर आतील काम बरेच पुढे गेलेले असते. रोप समूळ काढून भेग बुजविणे आणि ओलाव्याचा उगम शोधणे, हाच त्यावरचा उपाय होय. छताला नुसता रंग देऊन डाग झाकण्याचा खर्च पूर्णतः वाया जातो.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये एक चारमजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम सुरू होते आणि त्यात आधारस्तंभांना धक्का लागल्याचा आरोप झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट रोजी, भेंडीबाजारातील एक जुनी इमारत पडून ३३ जणांना प्राण गमवावे लागले. आपल्या सदनिकेतील भिंत पाडणे ही खाजगी बाब वाटते. पण ती भिंत किंवा खांब वरच्या मजल्यावरील कुटुंबाचा आधार असू शकतो. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी तपासणी करून घ्यावयाची असते.

प्रस्तुत लेखकाने एका संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वाहने उभी करण्याच्या जागेवरून दोन तास वादविवाद झालेला ऐकला आहे. संरचनात्मक तपासणीचा विषय त्यानंतर, चहा येण्यापूर्वी, ‘पुढील सभेत घ्यावा’ असे ठरवून संपविण्यात आला. पुढच्या सभेतही तसेच झाले.

पैशाची सोय नाही, हे कारण सर्वत्र पुढे केले जाते. वास्तविक, आदर्श उपविधींत ही सोय आधीच करून ठेवलेली आहे. बांधकामखर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधीत प्रत्येक सभासदाने भरावयाची असते. ज्या संस्था मासिक वर्गणी कमी दिसावी म्हणून हे निधी उभारत नाहीत, त्यांच्यावर पंचवीस-तीस वर्षांनी एकदम मोठी वर्गणी काढण्याची पाळी येते. तेव्हा सेवानिवृत्त सभासदांना ती परवडत नाही आणि दुरुस्ती अडून राहते.

जिना हा तर प्राणरक्षणाचा मार्ग आहे. आगीत धूर जिन्यातूनच वर चढतो आणि माणसांना जिन्यातूनच खाली उतरावयाचे असते. अशा वेळी चपलांचे कपाट, जुनी सायकल, कुंड्या आणि गाद्या यांची अडगळ किती घातक ठरेल, हे सांगावयास नको. जिन्याखालच्या वीजमापकांच्या खोलीत रद्दी साठविणे त्याहून वाईट. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जेथे अग्निशमन यंत्रणा बसविणे आवश्यक आहे, तेथे ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. प्रमाणपत्र कार्यालयातील कपाटात आणि पाण्याच्या नळीचे तोंड चोरीस गेलेले, अशी स्थिती आपल्या इमारतीत नाही ना, हे कोणाही सभासदाला पाच मिनिटांत पाहता येईल.

आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. तुंबलेली मलटाकी उपसण्यासाठी नाक्यावरून कोणास तरी बोलावून थोड्या पैशांत आत उतरविण्याची प्रथा अजूनही नाहीशी झालेली नाही. टाकीतील विषारी वायूने मनुष्य क्षणात बेशुद्ध होतो आणि त्यास काढण्यास उतरलेला सोबतीही बहुधा परत येत नाही. संरक्षक साधनांवाचून अशा टाकीत माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूबद्दलची नुकसानभरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. टाकी उपसण्याचे काम शोषणयंत्र असलेल्या गाडीनेच करून घ्यावे आणि त्यासाठी स्थानिक नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे वेळेवर मागणी नोंदवावी.

वेळेवर म्हणजे पावसाळ्यापूर्वी. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात समितीच्या दोघा-तिघा सभासदांनी गच्चीपासून फाटकापर्यंत एक फेरी मारावी. गच्चीवरील पाण्याच्या निर्गमनाचे तोंड मोकळे आहे काय, टाक्यांची झाकणे घट्ट बसतात काय, भिंतीत कोठे रोप उगवले आहे काय, जिन्यात काय साठले आहे, वीजमापकांच्या खोलीत पाणी शिरते काय, हे पाहून वहीत लिहून ठेवावे आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव व तारीख घालावी. आवारातील झाडाच्या धोकादायक फांद्या उतरवावयाच्या असल्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि तीस काही दिवस जातात. म्हणून तो अर्ज एप्रिलमध्येच गेलेला असावा.