बिळात काय घडलं, हे वरून कसं मोजायचं? फेरेट, ससा आणि सेनगावचे उंदीर



पेट झाली, विषय ठरला, सिनॉप्सिस लिहायला घेतला, की एक प्रश्न हमखास आडवा येतो: "तुम्ही जे मोजणार म्हणता, ते तुम्हाला दिसणार आहे का?" आरआरसीत हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला जातो आणि बऱ्याच जणांची तिथे गाडी अडते. आज तो एका प्राण्याच्या मदतीनं समजून घेऊ. प्राणी आपल्याकडचा नाही, पण अडचण मात्र अगदी आपल्या सेनगावच्या रानातली आहे.

फेरेटचं काम काय असतं?

फेरेट दिसायला मुंगसासारखा लांबुळका, पण मुंगसाच्या कुळातला नाही. तो पाणमांजराच्या कुळातला. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसाळवून तो तयार झाला. सुमारे २००० वर्षांपूर्वी स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकारानं असं लिहून ठेवलंय, की स्पेनकडचे लोक सशांचा उपद्रव कमी करायला असला प्राणी तोंड बांधून बिळात सोडत. ब्रिटनमध्ये हे काम आजही चालतं.

पद्धत सोपी आहे. बिळाच्या प्रत्येक तोंडावर जाळी लावायची आणि एका तोंडातून फेरेट आत सोडायचा. त्याच्या वासानं ससे घाबरून बाहेर पळतात आणि जाळीत अडकतात. म्हणजे फेरेटचं काम ससा मारणं नाही, हुसकावणं आहे.

गडबड कधी होते? ससा बिळाच्या बंद टोकाला अडकला, की फेरेट त्याला मानेला चावून तिथेच मारतो, थोडं खातो आणि शेजारीच झोपून जातो. वरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. जाळ्या रिकाम्या, फेरेट गायब!

मग फेरेट सांभाळणारा काय करतो?

१. कामाला बहुधा मादी निवडतो. ती नरापेक्षा लहान, साधारण किलोच्या आत असते. ससा तिला चुकवून सहज निसटतो, म्हणून आत मारण्याचे प्रकार कमी होतात.

२. तिला उपाशी ठेवत नाही. उपाशी फेरेट मारून खात बसतो आणि पोट गच्च भरलेला फेरेट कामच करत नाही. थोडं खायला घालून सोडायचं.

३. गळ्यात छोटा ट्रान्समीटर बांधतो. वर हातातलं यंत्र फेरेट कुठे आणि किती खोल आहे ते सांगतं. तो बराच वेळ एकाच जागी थांबला, तर तिथे खणायचं.

४. फेरेट तोंडाशी आला की झडप घालून पकडत नाही. पूर्ण बाहेर येऊ देतो, मग खांद्याभोवती हात घालून शांतपणे उचलतो. एकदा झडप घातली, की पुढच्या वेळी तो तोंडाशी येऊन मागे फिरतो.

५. काहीच जमलं नाही, तर त्याची नेहमीची पेटी गवत घालून बिळाच्या तोंडाशी ठेवतो. भूक आणि ओळखीचा वास, दोन्हींमुळे तो बहुतेकदा परत येतो.

आता यात संशोधन कुठे आलं?

समजा एका बिळात १० ससे होते. ६ जाळीत आले, ३ आतच मेले, १ दडून राहिला. तुमच्या वहीत काय येईल? ६. आता समजा तुमचा विषय "नर आणि मादी फेरेटची तुलना" असा आहे. नरानं आत जास्त ससे मारले, तर जाळीत कमी येतील आणि वहीवरून नर आळशी ठरेल. प्रत्यक्षात त्यानं जास्त मारलेत!

इथे नीट लक्ष द्या. न दिसलेली माहिती नुसती कमी असती, तर नमुने वाढवून काम भागलं असतं. पण इथे ती एकाच बाजूची जास्त सुटते. मग १०० बिळं तपासा नाहीतर १०००, चूक तेवढीच राहते, उलट चुकीच्या उत्तरावरचा विश्वास वाढतो.

सेनगावच्या धुऱ्यावर

आपल्याकडे फेरेटला कामच नाही. आपण ज्याला ससा म्हणतो तो बीळ खणत नाही, गवतात उघड्यावर बसतो. बिळं करणारा युरोपातला ससा वेगळी जात आहे. आपल्या रानात बिळं असतात ती उंदरांची. सोयाबीन, हरभरा, गहू, कुठेही धुऱ्यावर बघा.

उंदीरनाशकाचा परिणाम अभ्यासायचा असेल, तर अडचण तीच. उंदीर बरेचदा बिळात जाऊन मरतो. वर सापडलेले मेलेले उंदीर मोजले, तर आकडा खोटा येणार. म्हणून संशोधक जिवंत बिळं मोजतात. संध्याकाळी सगळी तोंडं मातीनं बुजवायची आणि सकाळी पुन्हा उकरलेली मोजायची. जी उकरली, ती जिवंत. उपचाराआधी एकदा आणि नंतर एकदा, असं दोनदा मोजायचं.

समजा आधी ४० होती, नंतर १० राहिली. ७५ टक्के यश? थांबा. शेजारच्या, काहीच न टाकलेल्या पट्ट्यातही ४० ची ३२ झाली असतील तर? सोयाबीन काढली, खाणं संपलं, उंदीर सरकले. म्हणजे औषध नसतं, तरी तुमच्या पट्ट्यात साधारण ३२ च उरली असती. ३२ ची १० झाली, म्हणजे खरं यश सुमारे ६९ टक्के. हा सहा टक्क्यांचा फरक औषधाचा नाही, काढणीचा आहे. तुलनेचा पट्टा नसेल, तर तो कधीच कळत नाही.

आणि हो, एका उंदराच्या बिळाला दोन-तीन तोंडं असू शकतात. म्हणून हा आकडा उंदरांची संख्या नाही, तिचा निर्देशक आहे. प्रबंधात तसंच लिहा. बिळात हात घालू नका, उंदराच्या बिळात नागही राहतो.

"मग मुंगूसच सोडला तर?"

हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. आधी कायदा: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुंगूस संरक्षित आहे, तो पकडता किंवा पाळता येत नाही. आता इतिहास: १८७२ मध्ये कोलकात्याहून नऊ मुंगूस जमैकात नेले, उसातले उंदीर मारायला. तिथून १८८३ मध्ये ते हवाईत गेले. मुंगूस दिवसा फिरतो आणि उंदीर मुख्यतः रात्री. मुंगसानं उंदीर खाल्लेही, पण जमिनीवर घरटी करणारे पक्षीही फस्त केले. "उंदीर मारले का?" एवढंच विचारलं गेलं, "आणखी काय मारलं?" हे मोजलंच नाही.

सिनॉप्सिस लिहिताना तीन प्रश्न

१. माझ्या प्रयोगातली कोणती पायरी मला दिसत नाही?
२. तिथे सुटलेली माहिती दोन्ही गटांत सारखी सुटते, की एका गटात जास्त?
३. काहीच केलं नसतं, तर हा आकडा किती बदलला असता?

यांची उत्तरं "पद्धती" या प्रकरणात आधीच लिहून ठेवा. आरआरसीत ती विचारली जाणारच आहेत. आणि समजा तिथे नाही विचारली, तरी तुमचा निष्कर्ष वाचून उद्या कुणी शेतकरी औषधावर पैसे घालणार आहे. त्याच्यासाठी तरी आकडा खरा हवा.

तुमच्या विषयातलं "बीळ" कोणतं, ते खाली जरूर लिहा. पुढच्या लेखात त्यातल्याच एखाद्यावर बोलू.