सशांचे पिण्याचे पाणी : भांडे, बाटली की निपल?

मुलांच्या हौसेसाठी किंवा आवड म्हणून अनेक घरी दोन-चार ससे पाळले जातात. त्यांच्या चाऱ्याची आणि पिंजऱ्याची काळजी घेतली जाते, परंतु पाण्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. 'ससा पाणी पीत नाही, हिरव्या चाऱ्यावरच त्याचे भागते' असा समजही ऐकायला मिळतो. हिरव्या लसूणघासात सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असते. त्यामुळे पावसाळ्यात भरपूर हिरवा चारा खाणारा ससा पाणी कमी पितो, हे खरे आहे. मात्र तोच ससा एप्रिल-मे महिन्यांत वाळलेले गवत व गोळी खाद्य खात असेल, तर एका दिवसाची पाण्याची टंचाईदेखील त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून पाणी कसे द्यावे याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

पाण्याची गरज किती?

पूर्ण वाढलेल्या सशाला दर किलो वजनामागे दररोज साधारणपणे ५० ते १०० मि.लि. पाणी लागते. म्हणजे तीन किलो वजनाच्या सशाला १५० ते ३०० मि.लि. पाणी हवे. उन्हाळ्यात ही गरज वाढते. पिलांना पाजणाऱ्या मादीला तर दिवसाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी लागू शकते.

सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे व श्वासावाटे बाहेर टाकतो. पाणी कमी पडले की तो प्रथम कोरडे खाद्य खाणे सोडतो. चारा पोटात गेला नाही की आतड्यांची हालचाल मंदावते आणि ससा झपाट्याने खालावतो. तसेच खाद्यातील जादा कॅल्शियम सशाच्या लघवीवाटे बाहेर पडते. पाणी कमी प्यायल्यास त्याचा साका मूत्राशयात साचतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ससा प्रामुख्याने सायंकाळी, रात्री व पहाटे खातो-पितो. सकाळी भरलेले भांडे सायंकाळपर्यंत सांडून रिकामे झाले असेल, तर गरजेच्या वेळीच त्याला पाणी मिळत नाही. म्हणून पाणी दोन्ही वेळा बदलावे आणि सायंकाळची वेळ कधीही चुकवू नये.

१) उघडे भांडे

भांड्यातून ससा नैसर्गिकरीत्या, मान खाली घालून आणि थोड्या वेळात पोटभर पाणी पितो. झुरिच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत सशांनी निपलपेक्षा उघड्या भांड्याला पसंती दिल्याचे, तसेच निपलवर ठेवलेले ससे कमी पाणी प्यायल्याचे आढळून आले.

भांडे जड व रुंद बुडाचे असावे. चिनी मातीचे, सिमेंटचे किंवा दगडी भांडे चांगले. ॲल्युमिनियमची वा प्लॅस्टिकची हलकी वाटी ससा सहज उलथवून टाकतो. साध्या मातीच्या भांड्यात पाणी गार राहते, परंतु त्याला शेवाळ लवकर धरते, म्हणून ते रोज घासावे.

या पद्धतीचा मुख्य दोष म्हणजे पाण्यात लेंड्या व लघवी पडणे. लेंड्यांतून कॉक्सिडिओसिस (रक्ती हगवण) या रोगाचा प्रसार होतो. भांडे विटेवर थोडे उंच आणि ससा घाण करतो त्या कोपऱ्यापासून दूर ठेवल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो. काही माद्यांच्या गळ्याखाली कातडीची मोठी घडी असते. ती वारंवार भिजल्यास तेथील केस झडून जखम होते. अशा मादीसाठी अरुंद तोंडाचे, पण जड भांडे वापरावे. पिले साधारण तीन आठवड्यांची होऊन पेटीबाहेर येऊ लागली की खोल भांडे काढून उथळ भांडे ठेवावे, अन्यथा पिलू बुडण्याची भीती असते.

२) उलटी बाटली

पिंजऱ्याच्या जाळीला बाहेरून बाटली उलटी बांधतात. तिच्या नळीच्या टोकाला एक लहान गोळी असते. ससा गोळी चाटतो तसे थेंब-थेंब पाणी येते. पाणी स्वच्छ राहते आणि जागा कोरडी राहते. परंतु विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने गोळी अडकून बसते. तेव्हा बाटली भरलेली दिसते, पण ससा मात्र तहानलेला राहतो. म्हणून रोज दोन्ही वेळा गोळी बोटाने दाबून पाहावी. क्षार साचल्यास नळी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून स्वच्छ धुवावी. बाटली उन्हात ठेवू नये. आतील हवा तापून फुगते व पाणी गळून जाते.

३) टाकी व निपल

दहा-वीस पिंजरे असल्यास प्रत्येक भांडे दोनदा धुणे जिकिरीचे होते. अशा वेळी उंचावर छोटी टाकी, तेथून नळी व प्रत्येक पिंजऱ्यात एक निपल अशी सोय करावी. टाकी फार उंच ठेवू नये. दाब जास्त झाल्यास निपल गळतात किंवा सशाला दाबता येत नाहीत. नळी काळी किंवा अपारदर्शक घ्यावी, म्हणजे आत शेवाळ वाढत नाही. ती सावलीतून न्यावी आणि उन्हाळ्यात दुपारनंतर तिच्यातील तापलेले पाणी सोडून द्यावे. टाकीच्या तोंडाशी गाळणी बसवावी.

निवड कशी करावी?

दोन-चार ससे असल्यास जड उघडे भांडे हाच पहिला पर्याय ठेवावा. भांडे धुण्याचे काम वाढते, पण ससा पुरेसे पाणी पितो. शिवाय एक बाटलीही जोडीला लावल्यास, भांडे उलथले तरी ससा तहानलेला राहत नाही. पिंजरे जास्त असल्यास निपल सोयीचे. मात्र पिले असलेल्या मादीला व आजारी सशाला निपलखेरीज भांडेही द्यावे. पद्धत बदलताना आठवडाभर जुनी व नवी अशा दोन्ही सोयी ठेवाव्यात.

पाणी पुरते का, हे मोजून पाहावे. सायंकाळी भांड्यात मापून पाणी घालावे. तेवढेच पाणी तशाच दुसऱ्या भांड्यात घेऊन ते पिंजऱ्याबाहेर, सशाचे तोंड पोहोचणार नाही असे ठेवावे. दुसऱ्या सायंकाळी दोन्हींतील घट पाहावी. बाहेरील भांड्यातील घट ही वाफ होऊन गेलेल्या पाण्याची. ती वजा केली की ससा किती पाणी प्यायला ते समजते. ज्या दिवशी भांडे उलथले असेल, त्या दिवसाचे माप धरू नये.

धोक्याची लक्षणे

लेंड्या लहान व कोरड्या होणे, लघवी घट्ट व पांढरट येणे आणि खाद्य शिल्लक राहणे ही पाणी कमी पडत असल्याची लक्षणे आहेत. उन्हाळ्यात ससा तोंड उघडून धापा टाकू लागल्यास त्याला ताबडतोब सावलीत, वाऱ्याच्या जागी न्यावे. त्याचे कान साध्या थंड पाण्याने ओले करावेत आणि पुढ्यात पाणी ठेवावे. बर्फ वापरू नये व तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. सशाने दहा-बारा तास काहीच खाल्ले नसेल, तर वाट न पाहता त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे.

घरातील माणसे पितात तेच पाणी सशाला द्यावे. भांडे कोणतेही निवडले, तरी ते रोज धुणे व दिवेलागणीच्या वेळी ताज्या पाण्याने भरणे हे काम घरातील एका व्यक्तीकडे नेमून द्यावे.