एकेक ओळ, पण परात कुठे?

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. तिच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर लेव्हिन नावाचं छोटं शहर आहे. 1999 मध्ये तिथल्या होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टपुढे पेच उभा राहिला. ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली 2000 साल उजाडलं की चालणार नव्हती. ट्रस्टने बाजारातली तयार प्रणाली न घेता कॅटिपो कम्युनिकेशन्स या वेब कंपनीकडून नवीच लिहून घेतली. तिचं नाव माओरी, ‘कोहा’. मुख्य प्रोग्रामर ख्रिस कॉर्मॅक. जानेवारी 2000 मध्ये ती सुरू झाली आणि त्याच वर्षी तिचा सगळा कोड जगाला खुला झाला. आज महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांची ग्रंथालयंही कोहावर चालतात.

कोहा पर्ल भाषेत लिहिलं गेलं आणि माहिती ठेवली मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. समजा, वाचकाने लेखकाचं नाव टाकलं आणि डेटाबेसने तीनशे पुस्तकं शोधली. आता ती पानावर उमटवायची कशी? अख्खा तक्ता उचलून पानावर चिकटवता येत नाही. म्हणून प्रोग्राम म्हणतो, पुढची ओळ दे. पर्लच्या ‘डीबीआय’ या जोडणीत त्यासाठी ‘फेचरो_हॅशरेफ’ अशी आज्ञा आहे. दर हाकेला एक ओळ मिळते, ती पानात मांडायची आणि पुन्हा हाक मारायची. ओळी संपल्या की उत्तर रिकामं येतं आणि हाका मारणारा व्हाइल लूप थांबतो. पीएचपीतही हीच रीत आहे, फक्त तिथे शेवटी जोडणीनुसार ‘नल’ किंवा ‘फॉल्स’ हाती येतो.

‘फेचरो_हॅशरेफ’मध्ये ओळ रकान्यांच्या नावांसकट मिळते. तिचं भावंड ‘फेचरो_अ‍ॅरे’ नुसत्या क्रमाने मूल्यं देतं आणि थोडं वेगवानही आहे. पण उद्या कुणी डेटाबेसला विचारणाऱ्या क्वेरीत मध्येच एक रकाना घातला, की लेखकाच्या जागी आयएसबीएन दिसू लागतो. तेवढ्या वेगासाठी ही जोखीम घेऊ नये, असं माझं मत.

खरी गंमत पुढे आहे. ओळी एकेक मिळतात म्हणजे त्या एकेक येतात, असं नाही. पर्लची मायएसक्यूएल जोडणी, वेगळं काही सांगितलं नाही तर, सगळं उत्तर आधीच प्रोग्रामच्या मेमरीत आणून ठेवते. वाढपी पोळी एकेकच वाढतो, पण भरलेली परात पंगतीत आधीच येऊन बसलेली असते. तीनशे ओळींना याने काही बिघडत नाही. अख्ख्या ग्रंथसंग्रहाची यादी काढायला बसलात, तर मात्र मेमरी फुगते. ‘मायएसक्यूएल_यूज_रिझल्ट’ हा पर्याय चालू केला की ओळी सर्व्हरवरून मागाल तशा येतात. त्याचीही किंमत आहेच: शेवटची ओळ उचलेपर्यंत, किंवा उरलेल्या सोडून देईपर्यंत, त्या जोडणीवर दुसरी क्वेरी चालत नाही. मायआयसॅम प्रकारच्या तक्त्यांवर तर तोवर इतरांचं लिहिणंही अडू शकतं.

नवशिके घसरतात ते मात्र वेगळ्याच जागी. पुस्तकाची ओळ हाती आली, की लूपच्या आत त्याच्या प्रती विचारणारी नवी क्वेरी ते टाकतात. कोहात पुस्तकाची नोंद ‘बिब्लिओ’ तक्त्यात असते आणि प्रत्येक प्रत ‘आयटम्स’मध्ये. तीनशे पुस्तकं म्हणजे तीनशे एक क्वेऱ्या! प्रत्येक खेपेला सर्व्हरकडे जाणं-येणं आलंच. दोन्ही तक्ते जॉइनने जोडले, तर हेच काम एका क्वेरीत होतं. पानावर वीसच नोंदी दाखवायच्या असतील, तर क्वेरीतच ‘लिमिट’ घालावी. बाकीच्या ओळी आणून फेकण्यात अर्थ नाही.

कोहाच्या नव्या कोडमध्ये बऱ्याच ठिकाणी ‘फेचरो_हॅशरेफ’ ही आज्ञा दिसत नाही. तिथे ‘नेक्स्ट’ एवढंच लिहिलेलं असतं, पण खाली चालतं तेच, ओळीमागून ओळ. वेब प्रोग्रामिंग शिकत असाल, तर कोहाचा कोड उतरवून घ्या आणि त्यातले असे लूप शोधून वाचा. त्याला पैसे पडत नाहीत.