निवृत्त सैनिकाची फाईल आणि विनयपिटक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सैन्यातून निवृत्त होणाऱ्या जवानाची शेवटची वैद्यकीय तपासणी होते आणि तिचा अहवाल त्याच्या कागदपत्रांना जोडला जातो. डॉक्टर त्यात आजाराचं नाव लिहितात, अपंगत्वाची टक्केवारी लिहितात आणि शेवटी एका ओळीत मत देतात. हा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असं त्या ओळीत असलं, की अपंगत्वाच्या पेन्शनचा दरवाजा बंद. या इंग्रजी शेऱ्याची आद्याक्षरं जुळवली की 'नाना' असा शब्द होतो. आम्हा पेन्शनरांत म्हणूनच एखाद्याला विचारतात, "तुमच्याही फाईलला नाना लागला का?"

माझ्या फाईलला लागला होता. मी १९७९ साली पायदळात भरती झालो आणि चोवीस वर्षांची नोकरी करून २००३ मध्ये हवालदार म्हणून बाहेर पडलो. त्यातली बरीच वर्षं एक्याऐंशी मिलिमीटरच्या मॉर्टरवर गेली. मॉर्टरच्या नळीत बॉम्ब सोडला की तो सुटण्याचा धमाका जवळच्या माणसाच्या थेट कानाशी होतो. आमच्या वेळी कानात कापसाचा बोळा हाच इलाज. निवृत्तीच्या तपासणीत दोन्ही कानांचं मिळून वीस टक्के अपंगत्व निघालं आणि त्याखाली ती ओळ आली.

मोठ्या आवाजाने कान जातो तो एकदम जात नाही, वरच्या पट्टीपासून जातो. कानाच्या आत शंखासारख्या गुंडाळीत सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. धमाक्यांनी त्या मोडतात आणि पुन्हा उगवत नाहीत. चार हजार हर्ट्झच्या आसपास श्रवणाच्या आलेखात एक खळगा दिसतो, ती आवाजाने केलेल्या इजेची खूण समजतात. अशा माणसाला ढोल ऐकू येतो, पण रातकिडे ऐकू येत नाहीत. नात बोलते ते अर्धं कळतं, मुलगा बोलतो ते पुष्कळसं कळतं. घरातल्यांना वाटतं, आजोबांना हवं तेवढंच ऐकू येतं.

हे एवढ्या तपशिलाने सांगण्याचं कारण माझा छंद. मी जुने रेडिओ दुरुस्त करतो. व्हॉल्व्हचे, लाकडी पेटीचे. दापोली-खेडच्या बाजूला जुन्या घरांच्या माळ्यावर अजून असे संच सापडतात, आणि पेटी वाळवीने खाल्ली असली तरी आतला ट्रान्सफॉर्मर बहुधा शाबूत असतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला खरखर कुठली आणि शिट्टी कुठली हे कानाने ओळखावं लागतं. शिट्टी मला आता ऐकू येत नाही, ती मी मीटरच्या काट्यावर पाहतो. दुसरा नाद पालीचा. बुद्धवंदना लहानपणापासून पाठ होती, पण तिचा अर्थ शब्दाशब्दाने लावायला लागलो तो निवृत्तीनंतर. रेडिओ आणि पाली या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे: घाई केली की तार तुटते.

आमच्या विहारातले एक ज्येष्ठ उपासक मला पहिल्यापासून म्हणत आले, "अहो, पेन्शन मिळतंय ना? मग आणखी कशाला मागता? ही तृष्णाच झाली." बोलणं प्रेमाचं होतं, पण मनात रुतून बसलं. धम्म मानणाऱ्याने कोर्टाची पायरी चढावी का, हा प्रश्न मी बरीच वर्षं बाळगला. त्याचं उत्तर शोधताना जे वाचनात आलं ते आज सांगायचं आहे.

सैनिक आणि बुद्ध यांची गाठ त्रिपिटकात अनेक ठिकाणी पडते. संयुत्तनिकायात योद्ध्यांचा एक गामणी, म्हणजे प्रमुख, भगवंतांकडे येतो. तो विचारतो की, लढता लढता मरणारा वीर स्वर्गात जातो असं आमचे जुने आचार्य सांगतात, आपलं मत काय? भगवंत दोनदा टाळतात. हे विचारू नकोस, म्हणतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात की समोरच्याला मारण्याच्या हेतूने भरलेलं मन मरताना चांगल्या गतीला नेत नाही. गामणी रडू लागतो. बुद्ध म्हणतात, म्हणून तर मी टाळत होतो. त्यावर तो म्हणतो की आपण बोललात म्हणून मी रडत नाही, त्या आचार्यांनी मला इतकी वर्षं फसवलं म्हणून रडतो. मी ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. सैनिकाला गोड बोलून पाठवणारे सगळ्या काळांत असतात. त्याला खरं सांगणारा त्याच्यापेक्षा दुःखी होऊन सांगतो, हे मला तिथे दिसलं.

दुसरी कथा विनयपिटकातल्या महावग्गात आहे. राजा बिंबिसाराच्या राज्याच्या सीमेवर बंड झालं आणि सैन्याला निघायचा हुकूम झाला. काही योद्ध्यांनी विचार केला की आपण लढाईच्या ओढीने जाऊन पापच करतो, त्यापेक्षा भिक्षू होऊ. ते संघात गेले. सेनापतीने चौकशी केली, प्रकरण राजापर्यंत गेलं. बिंबिसार स्वतः बुद्धांकडे आला आणि म्हणाला की श्रद्धा नसलेले राजे अशा कारणावरून भिक्षूंना छळतील. तेव्हा नियम झाला की राजाच्या सेवेत असलेल्याला प्रव्रज्या देऊ नये. मला यात पळवाट दिसत नाही. नोकरी हा करार आहे आणि तो मोडून धम्मात येता येत नाही, एवढं बुद्धांनी मान्य केलं. आणि करार असेल तर तो दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, हे पुढचं वाक्य माझं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारणच रोहिणी नदीच्या पाण्याचा शाक्य-कोलियांचा तंटा हे आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. शाक्यांच्या संघात सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, आधी चौकशी करा आणि दोन्हीकडच्या माणसांनी बसून निवाडा करा असं सुचवतो. मत पडतं त्यात तो हरतो आणि परिणाम स्वतःवर घेऊन घर सोडतो. ज्या बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ पासून १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत, म्हणजे दहा वर्षं लढवला, त्यांना ही कथा का भावली असेल हे वेगळं सांगायला नको. त्याच महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हेही सैन्यातले पेन्शनर. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९०च्या दशकात त्यांनी सरकारकडे करायचा विनंतीअर्ज तयार केला होता. अर्ज लिहिणारा पेन्शनर ही आमच्याकडची जुनी जात आहे, असं मी गमतीने म्हणतो.

पण मला खरं उत्तर मिळालं ते विनयातल्या 'अधिकरणसमथ' या प्रकरणात. अधिकरण म्हणजे तंटा, समथ म्हणजे शमवणं. संघातले तंटे मिटवण्याचे सात मार्ग तिथे दिले आहेत. पहिला 'सम्मुखाविनय': निवाडा समोरासमोर व्हावा, संबंधित माणूस हजर असावा, नियम समोर असावा. चौथा 'पटिञ्ञातकरण': आरोपी कबूल करील तेवढ्यावरच कारवाई. पाचवा 'येभुय्यसिका': शलाका वाटून बहुमत घ्यायचं. 'अमूळ्हविनय' म्हणून एक आहे, तो भान नसताना घडलेल्या कृत्याबद्दल. शेवटचा 'तिणवत्थारक', म्हणजे गवताने झाकणं: दोन्ही बाजूंनी इतकं उणंदुणं झालं आहे की उकरत बसण्यात अर्थ नाही, तेव्हा वर गवत टाकून पुढे चालायचं. अडीच हजार वर्षांपूर्वी सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसांना ही व्यवस्था लागली. तंटा नेमून दिलेल्या जागी नेऊन मिटवणं ही तृष्णा असती तर विनयात तिला जागा मिळाली नसती. तृष्णा कुठे सुरू होते? माझ्यापुरतं सांगायचं तर ज्या रात्री त्या अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टरांचा राग येऊन झोप लागली नाही, त्या रात्री. मागणी फाईलमध्ये ठेवायची आणि राग फाईलमध्ये ठेवायचा नाही, हे जमायला मला सहा-सात वर्षं लागली.

आता फाईलकडे. माझी पहिली दोन अपिलं कागदावरच फेटाळली गेली. मला कुणी बोलावलं नाही, कारण दिलं ते दीड ओळीचं. पहिला मार्गच चुकला होता, सम्मुखाविनयाचा. त्या काळी पुढे जायचं तर उच्च न्यायालय. मग २००७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि २००९ मध्ये न्यायाधिकरण सुरू झालं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. समोर दोन सदस्य बसतात: एक न्यायिक, सहसा उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, आणि एक सैन्यातले निवृत्त वरिष्ठ अधिकारी. दुसऱ्याला मॉर्टर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मी २०१२ मध्ये अर्ज केला. त्याआधी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहितीच्या अधिकारात माझ्या भरतीवेळच्या आणि निवृत्तीवेळच्या वैद्यकीय कागदांच्या प्रती मागवल्या. त्या दोन कागदांवर सगळं उभं राहिलं.

कारण कायद्याचं म्हणणं साधं आहे. १९८२ च्या नियमांप्रमाणे जवान भरती होताना त्याच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो धडधाकट होता असं धरायचं. नंतर तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं गृहीत धरायचं, आणि तसं नसेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही. वाजवी शंकेचा फायदा त्याचा. हे नियम कागदावर होतेच, पण त्यांना धार आली ती धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात. सिग्नल्समधल्या या जवानाला सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिटच्या आजारामुळे घरी पाठवलं होतं आणि आजार प्रकृतीतलाच आहे असा शेरा दिला होता. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वैद्यकीय मंडळाने कारणं दिली पाहिजेत, नुसता शेरा चालणार नाही. देशभरच्या कितीतरी फाईलींवरचा नाना त्या निकालाने पुसला.

पुढचा निकाल डिसेंबर २०१४ चा, राम अवतार यांच्या प्रकरणातला. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची सवलत आधी आजारपणामुळे मुदतीपूर्वी बाहेर पडलेल्यांनाच होती. ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. वीस ते पन्नासच्या आतला माणूस पन्नास धरायचा, पन्नास ते पंचाहत्तरचा पंचाहत्तर, त्यापुढचा शंभर. २००६ नंतरच्या ढोबळ हिशेबात शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के मिळतात. म्हणजे वीस टक्केवाल्याला शंभर रुपयांमागे सहा, आणि पन्नास धरलं की पंधरा. हवालदाराच्या घरात हा फरक औषधांचा असतो.

२०१५ मध्ये माझा निकाल लागला. सुनावणी फार तर वीस मिनिटं चालली. न्यायिक सदस्यांनी भरतीचा कागद पाहिला, निवृत्तीचा पाहिला, आणि समोरच्या वकिलांना विचारलं, यात कारण कुठे आहे? मला त्यांचं बोलणं नीट ऐकू आलं नाही, माझ्या वकीलबाईंनी कागदावर लिहून दाखवलं.

थकबाकी मात्र २००३ पासून मिळाली नाही. २००८ च्या तर्सेम सिंग निकालाप्रमाणे पेन्शनची चूक ही दर महिन्याला नव्याने घडणारी चूक असते, त्यामुळे उशीर झाला म्हणून दावा बाद होत नाही, पण मागची रक्कम सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. माझी मधली सहा वर्षं गेली. वकीलबाई म्हणाल्या, यावर पुढे जाता येईल. मी नको म्हटलं. तिथे मी गवत टाकलं.

आता गावोगावचे पेन्शनर रविवारी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतात आणि रेडिओच्या सांगाड्यांमधे जागा करून बसतात. मी वकील नाही, फक्त कागद लावून देतो. जे २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झाले त्यांना नवे नियम लागू आहेत, त्यामुळे जुने निकाल जसेच्या तसे चालत नाहीत, हे आधी सांगतो. न्यायाधिकरणाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे, हेही सांगतो. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतो आणि बाकीच्या चौकशीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात.

मागच्या महिन्यात एक नाईक आले, अकरा टक्केवाले. वीसच्या खाली असल्यामुळे पेन्शनचा हा भाग नाकारला होता. मी त्यांना एकच विचारलं: तुम्ही मुदत संपवून आलात, की आजारी म्हणून मुदतीआधी पाठवलं? कारण मुदत संपवून आलेल्याला वीसच्या खाली हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. पण आजारामुळे मध्येच घरी पाठवलं असेल तर त्याचं अपंगत्व विसाच्या वरचंच धरायचं, असा सुखविंदर सिंग यांच्या खटल्यात २०१४ चा निकाल आहे. त्यांना नक्की आठवेना. डिस्चार्ज बुक घरी ट्रंकेत आहे म्हणाले. ते घेऊन या, असं मी सांगितलं, आणि आमच्या रेडिओचा जुना व्हॉल्व्ह त्यांच्याकडच्या संचात बसतो का, तेही पाहून या म्हटलं.